ट्यूबची रिंग

केवळबाईंनी तो सतरंजीत गुंडाळून आणला,
बोरीचा पूल ओलांडून, रिक्षात मांडीवर धरून,
खुडूक कोंबडी न्यावी तसा,
पोटाखाली काहीतरी आहे म्हणून जपून.
"निंबाभाऊ, हाई चाली का आते?"
मी म्हटलं, बघू.

आता मी मोबाइलच्या काचा बदलतो.
व्हीसीआर शेवटचा आला त्याला आठ-नऊ वर्षं झाली,
पण स्पिरिटची बाटली टाकवली नव्हती.

चार स्क्रू. झाकण निघालं की पहिला वास येतो
तो घराचा असतो, मशीनचा नसतो.
ह्याला बाजरीच्या कोठीचा होता, थोडा रॉकेलचा.
झुरळांची अंडी, दादरचा एक दाणा.
बेल्टची तर उन्हाळ्यांनी काकवी केलेली,
बोटाला तार सुटत होती.
आत कॅसेट अडकलेली, टेप बाहेर ओघळलेली.

हाताखालच्या पोरांना मी सांगायचो:
आधी हात लावू नका.
टेप कुठून निघते, कुठे जाते ते बघा,
आणि कुठे तिला कोणी ओढत नाही ते बघा.
ओढणारा थकतो तिथेच गुंता होतो.

इथे थकला होता आयडलर.
त्याच्यावर कंपनीचं रबर नव्हतं.
सायकलच्या ट्यूबची रिंग होती, कात्रीने कापलेली,
एका बाजूने जरा तिरकी.

मी डावखुरा आहे.
माझी सगळी कापणी तिरकी पडते.

एक्क्याण्णव साल असेल.
दगडी दरवाज्याजवळ ओळीने तीन व्हिडिओवाले,
एका रात्रीचं भाडं दीडशे, टीव्ही आणि तीन पिक्चर धरून,
आणि पहाटे दोनला मशीन अडलं की सगळे माझ्या दारात.
जपानी रिंग म्हणून मी साठ रुपये घ्यायचो.
ट्यूब गनी पंक्चरवाल्याकडून फुकट मिळायची.

केवळबाईंना काही बोललो नाही.
माळ्यावरच्या एका मेलेल्या मशीनमधून खरी रिंग काढली.
हेड पुसलं: कागद स्पिरिटमध्ये भिजवून टेकवायचा,
कागद हलवायचा नाही, ड्रम फिरवायचा,
वरखाली घासलं की संपलं.
टेपवरची पांढरी बुरशी उतरवायला दोन दुपारी गेल्या.
चुरगळलेली चार बोटं टेप मात्र कापावीच लागली.
तिरकं कापलं, पाठीमागून जोडलं.
तिरकंच कापायचं असतं तिथे, एवढं एक बरं.

तिसऱ्या दिवशी, लोडशेडिंग सुटल्यावर, लावला.
चौदा इंची टीव्हीवर कोणाचं तरी लग्न.
"कोणाचं हो?"
"काय मालूम. पार्टी लेवालेच उनी नही."

हिलालभाऊ शूटिंगवाल्याबरोबर लाइट धरायचे.
त्यांचा फोटो एकच, मिलच्या कार्डावरचा,
त्यात डोळे मिटलेले.

केवळबाई नवरीकडे बघत नव्हत्या, नवरदेवाकडे नव्हत्या.
वरमाय डोळ्यांवर आडवा हात धरायची,
पोरं तोंडं फिरवायची,
मांडवाच्या खांबाची सावली लांब होत जायची.
"ते दखा. ते."
उजेड हळूहळू खाली उतरायचा, पंगतीतल्या ताटांवर,
मग दचकून पुन्हा वर.
"हात भरी येस त्यास्ना."

माझा जोड आला.
पडद्यावर बर्फ, एक झटका,
आणि डावीकडचा उजेड एकदम उजवीकडे.
तीन सेकंद गेले होते. दुकानाच्या कचऱ्यात होते.

केवळबाई हसल्या, पदर तोंडाला लावून.
"दखा, हात बदला त्यास्नी."

चित्र केव्हाचं स्थिर झालं होतं.
मी ट्रॅकिंगचं बटण फिरवत राहिलो.